वास येतोय का?

टिक टिक टिक टिक. ओव्हन सकाळपासून नुसती टकळी चालवत होता, पेट घ्यायचं नाव नाही. केकवालीने बटणावरचं बोट काढलं, मनातल्या मनात एक शेलकी शिवी हासडली आणि गुडघे टेकून आत डोकावली. ठिणगी पडत होती, नाही असं नाही; पण रुसलेल्या माणसाने मान वळवून 'हं' म्हणावं, तेवढीच. तिने पुन्हा गॅस सोडला, पुन्हा बटण दाबलं. टिक टिक टिक, आणि मग एकदम भप्प! ओव्हनचं दार थरथरलं, निळी जीभ बाहेर येऊन परत आत गेली, आणि ती मागे जाऊन पिठाच्या डब्यावर आदळली.

जीव भांड्यात पडायला थोडा वेळ लागला. मग तिचं लक्ष मनगटाकडे गेलं. मनगटावरची बारीक लव जळून तिचे तपकिरी ठिपके झाले होते. केस जळले की काय घाण सुटते हे कुणाला सांगायला नको, घरभर होते. तिने मनगट नाकाला लावलं, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. काही नाही. नुसती हवा आत गेली आणि बाहेर आली.

हीच तर खरी गोम होती. थंडीत तिला ताप आला होता, तो जाताना तिचा वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू, कुणाला लवकर येतो, कुणाला उशिरा. थंडी संपली, उकाडा सुरू झाला, वासाचा पत्ता नाही. रोज सकाळी ती या मागच्या खोलीत येऊन व्हॅनिलाची बाटली उघडायची, नाकाशी धरायची आणि पुन्हा बूच लावायची. बाटलीत कुणी पाणी भरून ठेवलं असतं तरी तिला कळलं नसतं. आणि हे तिने घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात लपवण्यासारखं? तर तिचं नाक काही साधंसुधं नव्हतं. पुढच्या खोलीत गप्पा मारत बसलेली असली तरी मध्येच थांबून ती म्हणायची, "झाला केक," आणि उठायची. आणि केक झालेला असायचा. लोणी खवट व्हायला लागलंय हे तिला दुकानदाराच्या आधी कळायचं, म्हणून तिला पाहिलं की तो ताज्या मालाचं खोकं आपणहून पुढे सरकवायचा. एकदा जिना चढताना वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीच्या दारात थांबून ती म्हणाली होती, "तुमच्या फ्रिजमागची वायर जळतेय." मास्तरणीने आधी नाक मुरडलं, मग फ्रिज ओढला, आणि वायर खरोखर वितळलेली. तेव्हापासून इमारतीत कुणाला कसला संशय आला की एकच वाक्य: केकवालीला बोलवा.

कौतुकाची चटक वाईट. तिलाही लागली होती. त्यात केकच्या ऑर्डरी घेण्याचं तिचं सगळं काम या नाकावर उभं, निदान गल्लीची तशी समजूत. बहिऱ्याकडे कोण गाणं शिकायला जाईल, आणि वास न येणाऱ्या बाईचा केक कोण खाईल, ही तिची धास्ती. म्हणून ती नाटक करत राहिली. चहाचा कप हातात आला की डोळे मिटून हुंगायची. केक झाला की नाही हे बघायची घड्याळ, रंग आणि सुई यांच्यावर, पण तरी दाराशी वाकून, नाकपुड्या फुलवून, 'अहाहा' म्हणायला विसरायची नाही. नवऱ्याला पत्ता लागायचा प्रश्नच नव्हता. तो गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा. त्याच्या नाकात कायम थिनर भरलेलं, कुजकं अंडं पुढ्यात ठेवलं तरी मीठ मागेल असा माणूस.

आज संध्याकाळी रस्त्यापलीकडे दातांच्या डॉक्टरचा नवा दवाखाना उघडणार होता. त्याने केक सांगितला होता, तोही चांगला तीन थरांचा, चॉकलेटचा. "पुढची गिऱ्हाइकं आजच तयार करून ठेवतोय," असा विनोद त्याने स्वतःच केला होता आणि स्वतःच हसला होता. अख्खी गल्ली तिथे जमणार होती. आणि ओव्हन हा असा भडकत होता.

तिने गॅलरीतल्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, जिन्यात जाऊन गॅसवाल्या मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, ओव्हन धड पेटत नाही हो. टिकटिक करतो, करतो, आणि मग एकदम भडका."

"वास येतोय का?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गॅसचा वास हो, ताई. येत असेल तर हातातलं काम टाकून आत्ता निघतो. नसेल तर मी आज पार त्या टोकाला अडकलोय, उद्या सकाळी बघतो."

प्रश्न साधा होता. त्याला खरं उत्तर एकच होतं, 'माहीत नाही.' पण माहीत नाही कसं म्हणणार? लहान पोराला कळणारी गोष्ट केकवालीला माहीत नाही? मिस्त्रीने लगेच विचारलं असतं, म्हणजे काय, आणि हा मिस्त्री इमारतीतल्या प्रत्येक घरात जाणारा.

"नाही," ती म्हणाली. "वास नाही."

"मग निर्धास्त राहा. तुम्हाला नाही आला म्हणजे नाहीच. ठिणगीच्या पिनवर काहीतरी सांडलं असेल, पुसून घ्या."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तरी ती कामाला लागली. हात चालू असले की डोकं जरा कमी चालतं, असा तिचा अनुभव. ओव्हन निवल्यावर तिने आत हात घालून पिन चाचपली. मिस्त्रीचं म्हणणं खरं होतं. कधीतरी साखरेचा पाक उतू गेला होता, त्याचा काळा खडा पिनवर बसला होता. जुन्या टूथब्रशने तो खरवडला, कोरड्या फडक्याने पुसला, बर्नरची बुजलेली भोकं सुईने मोकळी केली. मग रेग्युलेटर उघडून बटण दाबलं तर ठिणगी जरा जोरात पडली आणि ओव्हन पेटला. लगेच नाही, पण पेटला.

एवढ्यावर माणसाने समाधान मानायला हवं होतं. पण तो सकाळचा भडका तिच्या डोक्यातून जाईना. ठिणगी उशिरा पडली म्हणून गॅस साठला, की गॅस आधीच साठलेला होता? ओव्हन बंद करून ती खिडकीशी गेली, परत आली. धुतलेलं भांडं पुन्हा धुतलं. नळीकडे बघितलं. नवा मोठा मिक्सर आल्यापासून त्याला जागा करायला तिने ओव्हन मागे ढकलला होता, आता भिंतीत आणि ओव्हनमध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट उरली होती. नळी त्या फटीत कुठेतरी वळून गेली होती. पूर्वी तिने तिथे नुसतं नाक नेलं असतं आणि काम झालं असतं.

वास नाही तर नाही, डोळे तर आहेत. गळती शोधायची तर साबणाचा फेस लावायचा, जिथून गॅस निसटतो तिथे फुगा येतो, हे तिने मिस्त्रीला करताना पाहिलं होतं. तिने वाटीत भांड्यांचा साबण घोळला, ब्रश घेतला, आणि सगळ्यात आधी रेग्युलेटर बंद केला. हा सासूबाईंचा नियम. रेग्युलेटर बंद केल्याशिवाय ओव्हनच्या अंगाला हात लावायचा नाही, मग नुसता पुसायचा का असेना. नियमामागे इतिहास होता. तरुणपणी सासूबाईंच्या तोंडावर एकदा शेगडी भडकली होती आणि त्यांची डावी भुवई अर्धी गेली ती गेलीच. अजून रोज सकाळी त्या आरशासमोर बसून ती अर्धी पेन्सिलने काढायच्या, आणि घाईत असल्या की ती इतकी वर जायची की दिवसभर त्या कशाने तरी चकित झाल्यासारख्या दिसायच्या. सून या घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला त्या भुवईवरून बोट फिरवायला लावलं होतं. हा नियम तिच्या हाताला असा बसला होता की तो पाळताना तिला विचार करावा लागत नसे.

तर रेग्युलेटर बंद करून, फेस चांगला दाट करून, तिने नळीला फासला, जोडाला फासला, टॉर्च लावून फटीत ब्रश घालून जमेल तितक्या आतपर्यंत फासला. डोळे फाडून बघत बसली. एक फुगा नाही. पुन्हा फासला. नाही म्हणजे नाही.

तरी चैन पडेना. शेवटी तिने दुसऱ्याचं नाक उसनं घ्यायचं ठरवलं. वरच्या मास्तरणीला चहाला बोलावलं आणि नेहमीसारखं पुढच्या खोलीत न बसवता थेट मागच्या खोलीत, ओव्हनशेजारी स्टूल देऊन बसवलं.

"काय छान वाटतं हो तुमच्याकडे," मास्तरीण म्हणाली. "नुसतं लोणी आणि व्हॅनिला."

"आणखी काही?"

"आणखी?" मास्तरीण आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेत आलेली, आपलीच परीक्षा चालू आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ती सावरून बसली. "थांबा हं. वेलची?"

"वेलची घातलीच नाही."

"मग दालचिनी. दालचिनीच."

"खाली वाकून बघा बरं जरा. तिकडे, ओव्हनमागे."

मास्तरणीने वाकून जोरजोरात श्वास घेतला. "साबण," ती विजयी मुद्रेने म्हणाली. "लिंबाचा."

मास्तरीण गेली. गॅस म्हणाली नाही, म्हणजे गॅस नाही. केकवालीने स्वतःला बजावलं, बाई, पुरे झालं, भलतं खूळ घेऊ नकोस. तिने मैदा चाळायला घेतला.

शेजारच्या खोलीतून सासूबाईंच्या सपातांचा आवाज येत होता. खिडकीपर्यंत आणि परत, खिडकीपर्यंत आणि परत. आठवडाभर त्यांचं हे असंच चाललं होतं. दुपारी हमखास आडव्या होणारी बाई, आताशा पाठ टेकायची आणि लगेच उठून बसायची. कधी खिडकी उघडायची, कधी गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभी राहायची. जेवणातही लक्ष नाही. मागच्या आठवड्यात एकदा दारात येऊन त्यांनी विचारलं होतं, "कसला वास येतोय का गं तुला?" आणि पिठाने माखलेल्या हातांनी, मान वर न करता, ती ठणकावून म्हणाली होती, "छे हो आई, कसला वास? मला आला नसता का?" त्यानंतर त्यांनी परत विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून तीही विसरून गेली.

नवऱ्याला मात्र काळजी वाटत होती. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचं असंच काहीतरी सुरू झालं होतं. बसल्या जागी तिला जळका वास यायचा, काहीच जळत नसताना ती घरभर बादल्या घेऊन फिरायची, आणि मग हळूहळू माणसं ओळखेनाशी झाली. तिला तिच्या मुलांनी म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवलं. सासूबाई भेटायला गेल्या तेव्हा तिने यांनाच विचारलं, तुम्ही कोण? त्या दिवसानंतर घरात थोरलीचा विषय निघाला की सासूबाई उठून जायच्या.

दुपारी ऊन भिंतीवर चढलं तेव्हा मिश्रण तयार झालं. साचे भरले. एकदा बेकिंग पावडर पडली की मिश्रण कुणाची वाट बघत नाही. आत्ता ओव्हनमध्ये गेलं तर फुगणार, नाहीतर बसणार. रेग्युलेटर तिने मघाशीच, अंडी फेटायला घेतली तेव्हाच उघडून ठेवला होता, ऐनवेळी घाई नको म्हणून. वारा लागून अशक्त ठिणगी विझायला नको म्हणून खिडकीही लावून घेतली होती. आता तिने गॅस सोडला आणि बटण दाबलं.

टिक टिक टिक टिक.

काही नाही. तिने गॅस बंद केला, दार उघडून हाताने वारा घातला, पुन्हा सोडला. टिक टिक टिक. सकाळी पुसलेली पिन पुन्हा हटून बसली होती. आत किती गॅस साठला असेल? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. नाकाने सांगितलं असतं, थांब, किंवा हो पुढे. आता नाकापुढे भिंत होती. तिने अंदाजाने थोडं थांबून बघितलं. साच्यांतल्या मिश्रणावर बुडबुडे येऊन फुटायला लागले होते. तिने फडताळातून काड्यापेटी घेतली. दुरून पेटती काडी धरायची आणि पटकन गॅस सोडायचा, सासूबाईंच्या काळात सगळ्या बायका तेच करत होत्या की.

काडी पेटीला टेकवली आणि तिने सहज वर पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी दोन बोटांनी नाक गच्च दाबून धरलं होतं. सुनेची नजर पडताच त्यांनी हात असा झटकन खाली घेतला, जसं काही चोरी करताना पकडल्या गेल्या.

"काय झालं, आई?"

"काही नाही. तुझं चालू दे."

"नाक का धरलं होतं?"

"माझं आपलं उगाच." आज भुवई काढायचीही राहिली होती. "मला येतात हल्ली वास. खाली आडवं झालं की जास्त येतो. दाराखालून येतो असं वाटतं. पण तुला नाही ना येत? मग तो नाहीच. माझ्याच डोक्यात आहे. तू पेटव, तुझा खोळंबा नको. फक्त त्याला सांगू नकोस. मला वास येतात असं त्याला सांगू नकोस एवढंच."

काडी पेटीला टेकलेली तशीच राहिली. समोरची म्हातारी आठवडाभर खराखुरा गॅस हुंगत होती आणि आपल्याला वेड लागतंय म्हणून घाबरून गप्प बसली होती. कुणाच्या भरवशावर? सुनेच्या नाकाच्या. एक वाक्य बोलायचं होतं. थंडीपासून ते तिने दाबून ठेवलं होतं, आणि आताही ते बाहेर यायला नको म्हणत होतं, हे तिला नंतर आठवलं की स्वतःचीच शिसारी यायची.

"आई," ती म्हणाली, "मला कसलाच वास येत नाही. तुम्हाला येतोय तो खरा आहे."

सासूबाईंना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांना कळलं, आणि कळल्याबरोबर अंगवळणी पडलेल्या सवयीने त्यांचा हात भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे गेला.

"बटणाला हात लावू नका!" ती किंचाळली. काड्यापेटी तिने एप्रनच्या खिशात कोंबली, धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडकी सताड उघडली, शेजारच्या खोलीची उघडली, आणि सासूबाईंचा दंड धरून त्यांना जवळजवळ ओढतच दाराबाहेर नेलं.

जिना उतरून दोघी इमारतीच्या पायरीवर येऊन बसल्या. सासूबाईंच्या एका पायात स्वतःची सपात होती आणि दुसऱ्यात मुलाची. समोरच्या दवाखान्याच्या दारावर एक माणूस शिडीवर चढून रंगीत फुगे बांधत होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

"थंडीतल्या तापापासून."

"आणि त्या दिवशी मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही येत नव्हता."

"मग 'मला आला नसता का' असं कशाला म्हणालीस?"

तिने एप्रनची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"रात्र रात्र झोपले नाही गं मी," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "वाटलं, झालं, थोरलीच्या वाटेने निघाले. कपडे कुठले न्यायचे तेसुद्धा मनात ठरवून ठेवले होते. आश्रमात म्हणे गरम कपडे लागतात." त्यांनी हाताच्या पाठीने डोळे पुसले, आणि मग एकदम त्यांना राग आला, रडणं तिथेच थांबलं. "एवढं मोठं नाक मिरवतेस आणि मला वेडी ठरवतेस?"

"मी कुठे ठरवलं?"

"तू नाही, मीच ठरवलं. पण तुझ्यामुळे!"

"चुकलं माझं, आई." तिला लाज वाटत होती, इतकी की मान वर करवत नव्हती. "पण मी खरंच बघितलं होतं हो. सकाळी साबणाचा फेस लावला सगळ्या नळीला, नीट टॉर्च धरून. एक फुगा आला नाही."

"रेग्युलेटर चालू ठेवून?"

"चालू कसा ठेवणार? तुमचाच नियम. बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही."

सासूबाईंचा हात आपसूक अर्ध्या भुवईवर गेला. "अगं शहाणे," त्या हळूच म्हणाल्या, "बंद नळीतून काय गळणार?"

मास्तरीण चहाला आली तेव्हाही रेग्युलेटर बंदच होता. नवरा संध्याकाळी घरी यायचा तोवर तर तो रोजच बंद झालेला असायचा. गॅस येत होता तेव्हा घरात दोघीच असायच्या, एकीला वास येत नव्हता आणि दुसरीचा स्वतःवर विश्वास नव्हता. केकवालीला हसू आलं, पण ते धड फुटलं नाही. सासूबाईंनी तिचे हात धरले आणि वर जाईपर्यंत सोडले नाहीत.

घरात वारा चांगला खेळला, तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. उंबऱ्याशी थांबून, खाली वाकून, त्यांनी हुंगलं. "गेला," त्या म्हणाल्या. मग खिडकीशी बसून राहिल्या, आणि सुनेने पुन्हा फेस केला. ओव्हन तिने या वेळी ओढून भिंतीपासून लांब काढला. मागच्या तापणाऱ्या पत्र्याला नळी चिकटून होती तिथे तिच्यावर एक काळसर वण पडला होता. तिने फेस फासला. सासूबाईंनी गॅलरीतल्या सिलिंडरशी उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचा नियम मोडून, रेग्युलेटर उघडला.

फुगा आला. आधी मोहरीएवढा, मग बोराएवढा, मग लिंबाएवढा होऊन फुटला, आणि त्याच्या जागी लगेच दुसरा वर यायला लागला.

"बंद करा!" ती ओरडली.

तिने परत जिन्यात जाऊन मिस्त्रीला फोन केला. त्याने पुन्हा तेच विचारलं, वास येतोय का?

"मला येत नाही, मिस्त्री," ती म्हणाली. "मला थंडीपासून कसलाच वास येत नाही. सकाळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. पण सासूबाईंना येतोय, आणि नळीवर फुगा येताना मी डोळ्यांनी बघितलाय."

आता हा विचारणार, म्हणजे काय, असं तिला वाटलं.

"रेग्युलेटर बंद आहे ना?"

"बंद आहे. खिडक्या उघड्या आहेत."

"निघालो."

फोन खिशात टाकून तिने वर पाहिलं. मास्तरीण कठड्यावरून वाकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिने ऐकलं म्हणजे रात्रीपर्यंत गल्लीने ऐकलं. केकवालीला वाटलं होतं, हा दिवस आला की ती मेल्याहून मेली होईल. तसं काही झालं नाही. फक्त आतून रिकामं रिकामं आणि फार थकल्यासारखं वाटलं.

"म्हणजे तो फक्त साबणच होता," मास्तरीण म्हणाली. "मला उगाच वाटलं मी पास झाले." मग जरा थांबून, "माझ्याकडे विजेचा ओव्हन आहे. मी त्यात तवे ठेवते. तवे काढले की चालेल बहुतेक."

पहिलं मिश्रण बसून चिखल झालं होतं, ते फेकलं. नवं केलं. तीन थर जमणार नव्हते. डॉक्टरला फोन करून एकच थर होईल असं सांगितलं, तो म्हणाला, दात एका थरानेही किडतात. मास्तरणीचा ओव्हन अनोळखी, त्याचा दिवा गेलेला, काच तेलकट. आत रंग दिसेना. घड्याळावर विसंबावं तर या ओव्हनची आच कशी हे कुणाला ठाऊक, आणि सारखं दार उघडून सुई घालावी तर केक मधोमध खचणार. तिची घालमेल सुरू झाली. ओव्हनपाशी जायची, परत यायची, पुन्हा जायची. सासूबाई समोर खुर्ची टाकून, दोन्ही पायांत एकसारख्या सपाता घालून बसल्या होत्या.

मास्तरीण दारातून डोकावली. "झाला का हो?"

केकवाली सवयीने ओव्हनच्या दाराशी वाकली, डोळे मिटले, नाकपुड्या फुलवून खोल श्वास घेतला.

"आता हे कुणासाठी?" सासूबाई म्हणाल्या.

ती तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली आणि बाजूला सरकली.

"तुम्ही सांगा, आई."

सासूबाई उठल्या. दाराशी गेल्या, वाकल्या, हुंगत राहिल्या. एकदा त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं, आपण सांगू ते ती खरं मानेल ना, याची खात्री करून घ्यावी तसं. मग पुन्हा वाकल्या.

"अजून कच्चा आहे," त्या म्हणाल्या. "थांब."

ती थांबली.